चार माणसांचा आजारविमा

दसऱ्याच्या दिवशी तोंडून एक वाक्य निसटलं नसतं, तर एकनाथराव चुरींवर पुढले दोन महिने डहाणूच्या बाजारातून खाली मान घालून जायची पाळी आली नसती. बरं, वाक्य वाईट होतं म्हणावं तर तसंही नाही. वाईट बोललेलं माणसाला मागे घेता येतं, 'रागाच्या भरात गेलं हो' म्हणता येतं. चांगलं बोललेलं मागे घ्यायची सोय आपल्या समाजात नाही.

एकनाथरावांचा फुग्यांचा कारखाना होता. 'कारखाना' हा शब्द पाटीवर होता. पाटीमागे एक लांबट खोली, रबराच्या चिकाचे दोन हौद, काचेच्या साच्यांच्या फळ्या आणि चार माणसं. रामा साचे चिकात बुडवायचा. झाईहून येणाऱ्या मालू आणि हंसा वाळलेले फुगे शंखजिऱ्याची पूड लावून साच्यांवरून सोलून काढायच्या. आणि तलासरीकडची भिकी दिवसभर हौदाशी बसून चीक ढवळायची. चीक गोठू नये म्हणून त्यात जे औषध घालतात, त्याचा वास असा की नवख्याच्या डोळ्यांतून दाराशीच पाणी यावं. खोलीला खिडकी नव्हती.

तर दसऱ्याला साच्यांची आणि हौदांची पूजा झाली. शेजारचे विष्णू मास्तर, बोर्डीच्या शाळेत गणित शिकवणारे, दोन शब्द बोलायला उभे राहिले आणि सवयीनं पाऊण तास बोलले. शेवटी म्हणाले, "आमचे एकनाथराव कामगारांना अगदी घरच्यासारखं वागवतात!" अकरा माणसांनी टाळ्या वाजवल्या. अकरा माणसांच्या टाळ्यांनी किती नशा चढते, हे ज्याला कधी बारावी टाळी मिळाली नाही त्यालाच कळेल. एकनाथराव ताडकन उठले.

"नुसतं घरच्यासारखं नव्हे! मुंबईच्या गिरणीत कामगार आजारी पडला तर त्याचा विमा असतो. मग डहाणूच्या कामगारानं काय पाप केलंय? दिवाळीच्या आत माझ्या चारही माणसांचा आजाराचा विमा उतरवीन!"

टाळ्या झाल्या. मालूनं हंसाला हळूच विचारलं, "काय उतरवणार म्हनं?" हंसा म्हणाली, "दारू असंल." आणि दोघी पेढे घेऊन कामाला लागल्या.

श्रोत्यांत साप्ताहिकाला बातम्या धाडणारा एक गृहस्थ होता. पुढच्या अंकात बातमी आली, 'डहाणूच्या कारखानदाराचा आदर्श'. छापताना 'चारही'चं 'चाळीसही' झालं होतं. चूक दुरुस्त करायला हवी हे एकनाथरावांना कळत होतं. पण स्टेशनात स्वतः स्टेशनमास्तर खुर्चीतून उठून म्हणाले, "चाळीस माणसं! आम्हाला वाटायचं, तुमचं आपलं घरगुतीच आहे," तेव्हा एकनाथराव नुसते हसले. पुढे जे जे झालं, त्यातली पहिली लाज ही.

विमा म्हटल्यावर त्यांनी प्रथम गाठले उंबरगावचे रमणिकभाई. गेल्या चार-पाच वर्षांत विम्याचा धंदा सरकारनं घेतला, तेव्हापासून रमणिकभाई स्वतःला सरकारी माणूस समजत. त्यांनी चहा घेतला, पिशवीतून कागद काढले.

"एकनाथभाई, उत्तम योजना आहे. माणूस गेला की घरच्यांना पूर्ण रक्कम."

"आणि आजारी पडला तर?"

"आजारी पडून गेला, तरी पण पूर्ण रक्कम."

"अहो, पण आजारी पडून बरा झाला तर?"

रमणिकभाईंनी त्यांच्याकडे दयेनं पाहिलं. "मरवानी पॉलिसी छे, भाई. मांदा पडवानी नथी."

मग एकनाथराव एक दिवस कारखाना बंद ठेवून ठाण्याला गेले. गिरण्यांसारखा सरकारी विमा आपल्यालाही घेता येतो का, हे विचारायला. तिथला कारकून सज्जन होता. त्यानं स्टूल दिलं.

"माणसं किती?"

"चाळी– चार."

"विजेवर चालणारं यंत्र?"

"यंत्र नाही. हातानं बुडवतो."

"वीस माणसं आणि विजेचं यंत्र, असं असलं तर कायदा लागतो. कायद्याच्या हिशेबी तुमचा तो कारखानाच नव्हे."

"पण पाटी आहे!"

"पाटीला लागत नाही हो कायदा," कारकून हळुवारपणे म्हणाला.

परतीच्या गाडीत एकनाथरावांना विम्यापेक्षा हेच जास्त लागलं. इतकी वर्षं ज्याला आपण कारखाना म्हणत आलो, लग्नपत्रिकेवर छापलं, ते सरकारदरबारी नुसतं घर निघालं.

घरी विष्णू मास्तर वाट पाहत होते. गणिताच्या माणसाला दुसऱ्याच्या अडचणीत फार आनंद असतो. त्यांनी फुलस्केप कागदावर तक्ता आखला. उभ्या रकान्यांत विम्याचे प्रकार, आडव्या रकान्यांत गुण, दोष, शंका आणि 'इतर'. रोज संध्याकाळी ओट्यावर बसून ते रकाने भरले जात. येणारा-जाणारा सल्ला देई आणि मास्तर तो 'इतर'मध्ये लिहीत. एकानं सांगितलं, विम्यापेक्षा सकाळी अनवाणी समुद्रावर चालवा. दुसरा म्हणाला, माणसंच अशी ठेवा की आजारी पडणार नाहीत.

एकनाथरावांच्या पत्नी मनोरमाबाई आतून तांदूळ निवडताना म्हणाल्या, "अहो, नाक्यावरच्या डॉक्टरांनाच दरमहा काही ठरवून द्या ना. चौघांतलं कुणी आजारी पडलं की त्यांनी तपासायचं, औषध द्यायचं. झालं."

मास्तरांनी तक्त्याकडे पाहिलं. रकाना शिल्लक नव्हता.

"त्याला विमा म्हणत नाहीत," एकनाथराव म्हणाले. मनातलं त्यांनी सांगितलं नाही. मनात होतं की हे काही छापून येणार नाही.

अखेर मास्तरांनीच मुंबईची एक खासगी कंपनी शोधून काढली, 'पश्चिम सागर इन्शुरन्स'. तिचं पत्र आलं. लहान धंद्यांतल्या नोकरांचा आजारविमा कंपनी उतरवते. अटी दोन. माणसं किमान दहा हवीत आणि प्रत्येकाला कंपनीचा डॉक्टर येऊन तपासणार. जुना खोकला, छातीचं दुखणं असलेली व्यक्ती निघाली तर पूर्ण अर्ज नामंजूर.

"चाराचे दहा करायचे," मास्तर म्हणाले. "म्हणजे सहा कमी. साधी वजाबाकी आहे."

ती साधी वजाबाकी अशी झाली. मनोरमाबाई, एकनाथरावांचा मेहुणा काशीनाथ, जो रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होता, खुद्द विष्णू मास्तर, त्यांच्या पत्नी वसुमतीबाई आणि गल्लीतले आणखी दोघे, असे सहा जण कागदावर फुग्याच्या कारखान्यात नोकरीला लागले. मास्तरांनी स्वतःसाठी 'मुख्य पर्यवेक्षक' ही जागा निवडली.

अर्जात प्रत्येकाचं पूर्ण नाव हवं होतं. या सहा जणांची नावं एकनाथरावांनी वाडवडिलांसकट लिहिली. भिकीच्या नावापाशी लेखणी अडली. साडेपाच वर्षं ती त्यांच्याकडे होती. नवऱ्याचं नाव काय, गाव कुठलं, वय किती, काही ठाऊक नव्हतं. तिला हाक मारून विचारायला दहा पावलं जावं लागलं असतं. त्यांनी लिहिलं, 'भिकी, वय अंदाजे तीस', आणि पुढच्या ओळीवर गेले.

राहता राहिला भिकीचा खोकला. पावसाळ्यापासून तिला तो होता. सकाळी हौदाशी बसली की सुरू व्हायचा आणि फळीवरचे साचे किणकिणायचे. तपासणीच्या आदल्या दिवशी एकनाथराव तिच्यापाशी गेले.

"भिकी, उद्या मुंबईचा डॉक्टर येणार आहे. त्याच्यासमोर खोकायचं नाही हं."

"बरं."

"त्यानं विचारलं तर खोकला नाही म्हणायचं."

"आन् आला तं?"

"आला तरी नाही आला. तुझ्याच भल्यासाठी आहे हे. खोकलीस तर सगळ्यांचा विमा जाईल."

"बरं शेठ," भिकी म्हणाली. किती समजूतदार बाई आहे, असं एकनाथरावांना वाटलं, आणि ते खुशीत घरी गेले.

दुसऱ्या दिवशी कंपनीचे डॉक्टर आले. तरुण, घाईत असलेले, दुपारची गाडी पकडायची असलेले. खोलीत शिरताच त्यांनी नाकाला रुमाल लावला आणि टेबल अंगणात मांडायला सांगितलं. पहिल्या मनोरमाबाई.

"आपण काय काम करता?"

मनोरमाबाईंना हे कुणी सांगितलंच नव्हतं. त्या विचार करून म्हणाल्या, "फुगे फुगवते."

"सगळे?"

"नाही, जमतील तेवढे."

डॉक्टरांनी पुढचा प्रश्न विचारला आणि तिथेच घात झाला. ते म्हणाले, "तब्येतीची काही तक्रार?"

आता, मध्यमवर्गीय माणसाला मुंबईचा डॉक्टर, तोही फुकट, समोर बसून हा प्रश्न विचारतो, असं आयुष्यात किती वेळा घडतं? मनोरमाबाईंनी गुडघ्यापासून सुरुवात केली आणि पित्तापर्यंत पोचल्या. काशीनाथनं पार्सलं उचलून धरलेली पाठ दाखवली आणि आपण पार्सल ऑफिसात असल्याचं त्याच ओघात सांगून टाकलं. वसुमतीबाईंना छातीत धडधडत होतं, ते कधी, किती, काय खाल्ल्यावर, हे त्यांनी तिथीनिशी सांगितलं. मुख्य पर्यवेक्षकांनी तर डॉक्टरांना चिक्कूच्या झाडाआड नेऊन, स्वरात गांभीर्य आणून, आपल्या मूळव्याधीचा आठ वर्षांचा इतिहास कथन केला. एकनाथराव खांबाआडून खाणाखुणा करत होते. मास्तरांना त्या दिसल्या नाहीत असं नाही. पण इतका चांगला श्रोता त्यांना शाळेतसुद्धा मिळाला नव्हता.

मग खरे चौघे आले.

"तक्रार?" "काय नाय," रामा म्हणाला. "तक्रार?" "नाय," मालू म्हणाली, नि हंसाही तेच म्हणाली.

भिकी समोर उभी राहिली. डॉक्टरांनी छातीला नळी लावायला घेतली, पण घड्याळात पाहून ती खाली ठेवली. "खोकला वगैरे?"

भिकीनं नाही म्हणून मान हलवली. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते, मानेच्या शिरा तटतटल्या होत्या, डोळ्यांत पाणी भरलं होतं. तिनं एकदा एकनाथरावांकडे पाहिलं. एकनाथरावांनी तिला शाबासकीची मान डोलावली.

आठवड्यानं पत्र आलं. 'आपल्या दहापैकी चार कामगार उत्तम प्रकृतीचे आढळले. उर्वरित सहा व्यक्ती कोणत्याही विम्यास पात्र नाहीत. तसेच त्या आपल्या कामगार आहेत किंवा कसे, याविषयी कंपनीस शंका आहे. किमान दहाची अट पूर्ण होत नसल्याने अर्ज नामंजूर.' खाली डॉक्टरांनी हातानं एक ओळ लिहिली होती. पर्यवेक्षकांनी तिखट खाऊ नये.

दिवाळी आली. लोक फराळाला यायचे आणि विचारायचे, "काय, उतरला का चाळीस जणांचा विमा?" एकनाथराव म्हणत, "कागदपत्रं चालू आहेत." या सगळ्यात त्यांना एकच समाधान होतं. भिकीचा खोकला थांबला होता. तपासणीच्या दिवसापासून त्यांनी तो ऐकला नव्हता. ओट्यावर ते सांगतही, "विम्याची नुसती गोष्ट काढली, तर बाई बरी झाली!"

भाऊबीज झाली आणि भिकी यायची बंद झाली. तीन दिवस झाले, चार झाले. पाचव्या दिवशी एकनाथराव वैतागून म्हणाले, "बरी झाल्यावर दांड्या मारायला लागली वाटतं."

मालू फुगे सोलत होती. तिनं हातातला साचा खाली ठेवला.

"बरी? शेठ, ती रोज मागल्या वाडीत जाऊन खोकायची. तोंडात पदराचा बोळा घालून. दिवसातून दहा खेपा. तुझ्या कानावर गेलं तर सगळ्यांचा इमा जाईल म्हनून. मी म्हनलं, डाक्टर गेला ना आता मुंबईला. तर म्हनं, शेठनं परत खोक म्हनून कुठं सांगितलंय?"

त्या वासानं आपल्या डोळ्यांत पहिल्यांदाच पाणी आलं, असं एकनाथरावांनी स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एस.टी.नं ते तलासरीला निघाले. हमरस्त्यावर उतरून पाड्यांच्या वाटेला लागले आणि दिसेल त्याला विचारू लागले, "भिकीचं घर कुठं?"

"कंची भिकी?"

"फुग्याच्या कारखान्यात असते ती."

"नवऱ्याचं नाव काय तिच्या?"

एकनाथराव पुढे निघाले. एका पाड्यात तीन भिकी निघाल्या, दुसऱ्यात दोन. प्रत्येक दाराशी जाऊन, आत डोकावून, "ही नव्हे" म्हणत परतायचं. धोतर गुडघ्यापर्यंत मातीनं लाल झालं. एका म्हाताऱ्यानं विचारलं, "तू कोन तिचा?" मालक म्हणायची जीभ झाली नाही. ते म्हणाले, "ओळखीचा आहे." म्हाताऱ्यानं त्यांना नखशिखान्त न्याहाळलं. ओळखीच्या माणसाला नवऱ्याचं नाव माहीत नाही, हे त्याला पटलं नसावं.

चौथ्या पाड्यात भिकी सापडली. कुडाच्या भिंतीला टेकून उन्हात बसली होती. एकनाथरावांना बघून ती धडपडत उठली आणि तिनं आधी काय केलं असेल, तर पदर तोंडात कोंबला.

"शेठ," ती पदराआडून म्हणाली, "तो डाक्टर पन आलाय काय?"

"नाही गं बाई. कुणी नाही आलं."

"मं खोकू?"

एकनाथराव 'हो' म्हणाले. ते त्यांना स्वतःलाही ऐकू आलं नाही, पण तिला पुरलं. ती खाली बसली आणि खोकली. इतकं खोकली की आतून तिची नणंद गंगी हातातलं काम टाकून धावत आली. गंगीनं तिची पाठ चोळली, पाणी दिलं आणि मग एकनाथरावांकडे वळली.

"तूच काय तो फुगेवाला? आमची बाय धडधाकट धाडली होती तुझ्याकडं."

एकनाथरावांनी बैलगाडी ठरवली आणि भिकीला तलासरीच्या दवाखान्यात नेलं. गंगी बरोबर आली.

दवाखान्यातले डॉक्टर वयस्क होते. त्यांनी भिकीला बराच वेळ तपासलं, पाठीवर बोटं ठोकली, थुंकी पाहायला घेतली. दोन तासांनी एकनाथरावांना आत बोलावलं.

"क्षय नाही. पण छाती फार सुजलीय. ती काम कुठल्या हवेत करते?"

एकनाथरावांनी सांगितलं.

"खोलीला खिडक्या किती?"

"नाहीत."

"का?"

"वारा आला की धूळ येते. धूळ चिकात बसली की फुग्याला..." बोलता बोलता एकनाथरावांना आपलं वाक्य कुठे चाललंय ते दिसलं, पण थांबता येईना. "फुग्याला भोक पडतं."

डॉक्टरांनी मान वर केली नाही. ते चिठ्ठीवर औषध लिहीत राहिले. ते रागावले असते तर बरं झालं असतं. "दोन महिने विश्रांती," एवढंच म्हणाले. "पुन्हा त्या हवेत बसली, तर माझ्याकडे आणू नका."

डहाणूला आल्यावर एकनाथरावांनी प्रथमच रामा, मालू आणि हंसा यांना समोर बसवलं आणि विचारलं, "तुम्हाला आजारपणासाठी काय हवं?" तक्त्यात हा रकाना नव्हता.

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. रामा म्हणाला, "हौदाला झाकनं."

हंसा म्हणाली, "मागली भिंत फोड. समुद्राचा वारा तिकडनंच येतो."

"एवढंच?"

"आनखी काय," मालू म्हणाली. "आजारी पडल्यावर तू काय देनार ते तू बघ. पाडू नको म्हंजे झालं."

दुसऱ्याच दिवशी भिंत फोडायला घेतली. पहिला घाव एकनाथरावांनी स्वतः घातला, आणि पहार हातातून निसटून पायाच्या अंगठ्यावर बसली. तेव्हा सर्वांत आधी नाक्यावरच्या डॉक्टरांना बोलावणं गेलं. मनोरमाबाईंनी अंगठ्याचं बँडेज होईतो त्यांच्याशी चौघा कामगारांचं दरमहाचं बोलणं पक्कं करून टाकलं. एकनाथराव कण्हत होते, त्यामुळे त्यांना विचारायचा प्रश्न आला नाही. भिकीच्या विश्रांतीचा पगार चालू ठेवायचा, हेही त्याच बैठकीत बाईंनीच ठरवलं.

एकनाथराव लंगडत साप्ताहिकाच्या बातमीदाराकडे गेले. माणसं चाळीस नाहीत, चारच आहेत, आणि विमा उतरलेला नाही, हे छापा म्हणाले. "न झालेल्या गोष्टीची बातमी होत नसते, साहेब," तो म्हणाला. मग एकनाथरावांनी ते बाजारात भेटेल त्याला तोंडी सांगायला सुरुवात केली. स्टेशनमास्तर पुन्हा बसूनच बोलू लागले.

मागच्या भिंतीला खिडकी झाली, तिला धूळ अडवायला मलमल ताणून बसवली. हौदांना झाकणं आली. फुग्यांना भोकं पडायची ती पडलीच. मार्गशीर्ष सरत आला तेव्हा एका दुपारी दारात गंगी उभी दिसली. तलासरीहून एकटी आली होती.

"भिकी म्हनते, खिडकी केलीय म्हनून निरोप आला. मी म्हनलं, आधी मी बघून येन."

एकनाथराव उठून उभे राहिले. हातपंख्यानं वारा घेत बसलेले विष्णू मास्तरही, का कोण जाणे, उठले. गंगी आत गेली. तिनं झाकणं उचलून पाहिली, परत बसवली. खिडकीपाशी जाऊन मलमलीतून बोट आरपार जातं का ते पाहिलं. मग भिकीच्या जागेवर, हौदाशी, मांडी घालून बसली आणि डोळे मिटून श्वास घेत राहिली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. ठाण्याच्या कारकुनासमोर किंवा मुंबईच्या डॉक्टरांच्या तपासणीतसुद्धा एकनाथराव इतके धास्तावले नव्हते.

गंगी उठली, लुगडं झटकलं.

"वास येतो अजून."

"येतो," एकनाथराव म्हणाले.

"त्या अंगाला दुसरी पाड. वारा इकडून आला तं तिकडून जायला नको?"

"तिकडे साच्यांची फळी आहे..." मास्तर सांगू लागले.

एकनाथरावांनी त्यांना हातानं थांबवलं आणि कोपऱ्यातली पहार उचलली.

"किती मोठी पाडू, बाई?" त्यांनी विचारलं.

गंगीनं दोन्ही हात पसरून माप दाखवलं.